पाटीवरचा ताठ माणूस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ डॉक्टरसाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले खजिनदार, आपलं नवं बोधचिन्ह साकारणाऱ्या चित्रकार, ज्यांच्यासाठी आपण सगळे आज जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती वाचनबाई, त्यांचे कुटुंबीय, संस्थेचे आजी-माजी वाचक, आणि समोर बसलेल्या, मला न दिसणाऱ्या, त्यातल्या काहींना मीही न दिसणाऱ्या माझ्या सर्व मित्रमैत्रिणींनो, मी तुम्हां सगळ्यांना मनापासून नमस्कार करतो.

वाचनबाई माझ्या डावीकडे बसल्या आहेत असं मला सांगण्यात आलं आहे. मघाशी खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, त्यामुळे आता नक्की कुठे आहेत ते ठाऊक नाही. बाई, तुमच्याकडे पाठ होत असेल तर सांभाळून घ्या.

डॉक्टरसाहेबांनी मला दोन विषय दिले आहेत. पाच मिनिटं नव्या बोधचिन्हावर बोला आणि पाच मिनिटं वाचनबाईंवर बोला, मग घंटा वाजेल. मी ब्रेलमध्ये दोन वेगवेगळी टिपणं काढून आणली होती. आणि काल रात्रीपर्यंत हे दोन विषय वेगळे ठेवायचे असं मी ठरवलं होतं. आता इथे उभा राहिलोय आणि बोटांखाली जे पान आहे ते कोणत्या भाषणाचं आहे तेच मला कळत नाहीये. तेव्हा टिपणं बाजूला ठेवतो. पाणी कुठे आहे? हां, मिळालं.

ज्यांना आपली संस्था फारशी माहीत नाही अशा पाहुण्यांसाठी दोन वाक्यं सांगतो. आपण अंधांना वाचून दाखवतो. पाठ्यपुस्तकं, अर्ज, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, बँकेची पत्रं, कोणी आणलंच तर प्रेमपत्रंसुद्धा. इमारतीत सहा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक टेबल, पाण्याचा तांब्या आणि समोरासमोर दोन खुर्च्या असतात. एकीवर ऐकणारा बसतो आणि एकीवर वाचणारा. दोन नंबरच्या खोलीत गेली एकतीस वर्षं वाचनबाई बसत आल्या, आज त्या निवृत्त होताहेत. त्यांना नाव आहे, ते निमंत्रणपत्रिकेवर छापलंही आहे, पण त्या नावाने त्यांना हाक मारली तर त्या स्वतःच मागे वळून बघतील की कोणाला बोलावताहेत म्हणून.

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आज मी सत्तेचाळीसचा आहे, महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि या संस्थेचा कार्यवाह आहे. मधल्या काळातला माझा प्रत्येक अभ्यास, प्रत्येक परीक्षा त्यांच्या आवाजात झाली. अजूनही मला एखादी सनावळी आठवायची असली तर ती बाईंच्या आवाजातच आठवते, त्यांच्या मध्येच येणाऱ्या खोकल्यासकट.

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगतो. मी संस्थेच्या दारात उभा होतो, नवा शर्ट, काखेत एक जाडजूड पुस्तक. बाई दार उघडायला आल्या. मी विचारलं, "वर पाटी आहे ना? तिच्यावर नावाशिवाय काही आहे का?" लहानपणापासून मला ही खोड आहे, कुठेही गेलो की पाटीवर काय आहे ते विचारायचं. बाईंनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "एक माणूस आहे. ताठ उभा आहे. काखेत पुस्तक आहे, आणि चालायला निघालाय."

मला तो माणूस फार आवडला. खोटं कशाला सांगू, मी त्याच्याच जिवावर शिकलो. फी भरायची असो, तोंडी परीक्षा असो, रस्ता ओलांडताना कोणी उगीच दंड धरून ओढत असो, मनात म्हणायचो, आपल्या पाटीवरचा माणूस बघा कसा उभा आहे. पुढे मी कार्यवाह झालो. तेव्हापासून गेली नऊ वर्षं वार्षिक सभेत माझ्या भाषणाचा शेवट ठरलेला: "आपल्या बोधचिन्हातला माणूस कोणापुढे वाकलेला नाही, आपणही वाकायचं नाही." आणि या वाक्यानंतर सभागृहात अशी काही शांतता पसरायची की विचारू नका. मला वाटायचं, लोक भारावले.

आता बोधचिन्हाकडे वळतो. घंटावाल्यांनी नोंद घ्यावी, मी विषयावर आहे.

यंदा ठरलं की बोधचिन्ह बदलायचं. कारण साधं होतं. जुनं चित्र मोबाईलच्या पडद्यावर छोटं केलं की डाग पडल्यासारखं दिसतं, असं डोळस मंडळींचं म्हणणं पडलं. समिती नेमली गेली. डॉक्टरसाहेब, खजिनदार आणि मी. मी म्हटलं, मला कशाला घेता, मी काय बघणार? तर डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुमच्यासाठीच तर संस्था आहे, तुम्ही हवेतच." ते निवृत्त नेत्रतज्ज्ञ आहेत. माझ्या डोळ्यांसाठी ते काही करू शकले नाहीत, म्हणून असेल कदाचित, ते मला प्रत्येक समितीत घेतात.

चित्रकार म्हणून एक तरुण मुलगी मिळाली. ती पाच नमुने घेऊन आली. पहिला नमुना टेबलावर ठेवला गेला आणि मी विचारलं, काय आहे? डॉक्टरसाहेब म्हणाले, "उगवता सूर्य." खजिनदार म्हणाले, "मला तर टक्कल पडलेला माणूस पाठमोरा बसलेला दिसतोय." चित्रकार हळूच म्हणाली, "ते उघडणारं पुस्तक आहे." दुसऱ्या नमुन्याला एकाने पक्षी म्हटलं, दुसऱ्याने पान. तिसरा नमुना तर म्हणे उलटा धरला होता आणि तो दहा मिनिटांनी सुलट केल्यावरही दोघांचं मत बदललं नाही. मला आयुष्यात प्रथमच शंका आली की तुम्हां लोकांना दिसतं म्हणजे नक्की काय होतं? आम्ही इतकी वर्षं ज्याचा हेवा करत आलो ते हेच असेल तर कठीण आहे.

शेवटी मी हात टेकले. म्हटलं, मला हातात येईल असं काहीतरी करून आणा, नाहीतर माझं मत मोजू नका. खजिनदारांना ते पटलं नाही, पण मुलीला पटलं. पुढच्या बैठकीला ती पुठ्ठे घेऊन आली. प्रत्येक पुठ्ठ्यावर चित्राच्या रेघांवरून सुतळी चिकटवलेली, जिथे ठळक तिथे जाड सुतळी, जिथे नाजूक तिथे शिवणाचा दोरा. बोटांना अजून गोंदाचा चिकटपणा लागत होता. तिने हे घरी बसून स्वतःच्या हाताने केलं होतं. पाच नव्या नमुन्यांचे पाच पुठ्ठे, आणि सहावा जुन्या बोधचिन्हाचा, तुलनेसाठी.

मी सहज म्हणून सहावा आधी उचलला. म्हटलं, चला, आपल्या माणसाला एकदा भेटून घेऊ.

बाहेरून गोल. गोलात खाली एक आडवी रेघ, ती जमीन असावी. जमिनीवर पाय होते, पण गुडघ्यांत दुमडलेले. पाठीची सुतळी कमरेपासून निघाली ती वर न जाता पुढेच वाकत गेली. मान खाली. एक हात पुढे पसरलेला आणि पंजा वर केलेला. त्या पंजाच्या वर आणखी एक हात होता, नुसता मनगटापासून, धड नसलेला, कुठूनतरी वरून आलेला. आणि त्याच्या बोटांतून खालच्या पंजात काहीतरी पडत होतं. सुतळीला तीन गाठी मारल्या होत्या.

पुस्तक कुठेही नव्हतं. मी पुठ्ठा उलटा करून पाहिला, बाजू फिरवून पाहिला. मग त्या मुलीवर चिडलो. "बाई गं, हे कोणत्या संस्थेचं उचलून आणलंस? निदान ज्यांचं काम घेतलंय त्यांची पाटी तरी नीट बघायची."

ती म्हणाली, "सर, ही तुमच्याच दारावरची पाटी आहे. मी फोटो काढून त्याच्यावरून सुतळी लावली."

खजिनदार चहात साखर ढवळत होते, तो चमचा थांबला. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही म्हणते ते खरं आहे का?" ते म्हणाले, "हो, असंच आहे चित्र. पहिल्यापासून असंच आहे." संस्था सुरू झाली तेव्हा वाचन वगैरे नव्हतं, गरीब अंधांना मदत वाटायची एवढंच काम होतं, त्या काळातलं ते चित्र. मी विचारलं, मग नऊ वर्षं मी सभेत ताठ माणूस, ताठ माणूस करत होतो तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? डॉक्टरसाहेब म्हणाले, "मला वाटलं, तो अलंकार आहे." आणि खजिनदार म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही आम्हाला टोमणा मारताय. दरवर्षी घरी जाऊन मी वाईट वाटून घ्यायचो."

हसा, हसा. मीही नंतर हसलो. त्या दिवशी मात्र मला उठून उभंसुद्धा राहवेना. मी इतिहास शिकवतो. पुरावा तपासल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही म्हणून विद्यार्थ्यांच्या डोक्यावर बसतो. आणि स्वतः अठ्ठावीस वर्षं एका तोंडी साक्षीवर विसंबून राहिलो. संस्थेचा रबरी शिक्का मी हजारदा मारला असेल, त्याच्यावर एकदा अंगठा फिरवावा एवढं सुचलं नाही.

मग मी इतर अंध सभासदांना फोन लावले. आपल्या टेलिफोन ऑपरेटर मित्राला वाटत होतं की पाटीवर दिवा आहे, त्याला रखवालदाराने तसं सांगितलं होतं. आपल्या संगीतशिक्षिकेला वाटत होतं की दोन जोडलेले हात आहेत. आणि अकरा जणांनी मला सांगितलं, ताठ माणूस, काखेत पुस्तक, चालायला निघालेला. ते अकराही जण दोन नंबरच्या खोलीत शिकलेले होते.

म्हणजे ही चूक नव्हती. बाईंनी आम्हाला जाणूनबुजून खोटं सांगितलं होतं.

आता माझा गोंधळ तुमच्या लक्षात येईल का ते बघा. बाईंची ख्याती काय? जे लिहिलंय तेच वाचणार. काना-मात्रा इकडचा तिकडे नाही. एका विद्यार्थ्याच्या नापास झाल्याच्या पत्रात "तुमची कुवत नाही" असं लिहिलं होतं, ते बाईंनी तसंच वाचलं. तो रडला, तर थांबल्या, आणि त्याने पुढचं वाचा म्हटल्यावर पुढचं वाचलं. मला स्वतःला याचा अनुभव आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही, म्हणून घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणतो. दादा, तू समोर बसला आहेस हे मला माहीत आहे. तुझी परवानगी मी कालच घेतली आहे.

मी वीस वर्षांचा असताना दादाचं लग्न ठरलं. बाबांचं पत्र आलं. मी ते फोडलं नाही, तसंच बाईंकडे नेलं. बाई अर्थशास्त्राचा धडा वाचत होत्या, त्याच आवाजात त्यांनी ते वाचलं. "लग्नाला येऊ नकोस. मुलीकडची माणसं विचारतील, मग तेच तेच बोलणं होईल, तुझाही जीव कोंडेल. सगळं आटोपलं की सवडीने ये. तुझी आई बरी आहे." एवढंच पत्र. मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं, त्याच आवाजात. एक शब्द मऊ केला नाही. त्या दिवशी मला बाईंचा भयंकर राग आला होता. आणि त्याच दिवसापासून माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. ज्या बाईने हे वाचून दाखवलं ती आपल्याला कधी फसवणार नाही, असं मी धरून चाललो.

मी लग्नाला गेलो नाही. नंतरही गेलो नाही. पुढे सहा वर्षं बाबांची पत्रं येत राहिली, एकंदर पंधरा. सगळी छोटी, आईचे गुडघे, घराची डागडुजी, तब्येत जप. सगळी बाईंनीच वाचली. मी उत्तरं दिली ती दोन-दोन ओळींची, तीही दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. मी घरी गेलो तेव्हा बाबा आजारी पडले होते आणि त्यांची वाचा गेली होती. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, पण हात धरण्याचा अर्थ ज्याला जसा हवा तसा लावता येतो.

आता सांगा, अशा पत्रात बदल न करणारी बाई पाटीवरचं चित्र का बदलेल? आणि चित्र बदलणारी बाई पत्र न बदलता सोडेल कशावरून? कदाचित मूळ पत्र याहून वाईट असेल आणि त्यांनी वाचलं ते सौम्य केलेलं असेल. पुस्तकांचं काय? हजारो पानं माझ्या डोक्यात त्यांच्या आवाजात बसली आहेत, त्यातलं खरं किती? मला माझ्याच डोक्यातल्या कपाटाची भीती वाटायला लागली. वर्गात उभा राहून एक सन सांगितला आणि जीभ अडखळली.

शेवटी गेलो दोन नंबरच्या खोलीत. बाईंचं शेवटचं पुस्तक चालू होतं. मी म्हटलं, "बाई, पाटीवर काय आहे?"

त्यांनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला. "कोणी सांगितलं तुला?"

"सुतळीने."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू विचारलंस, पाटीवर काय आहे. पाटीवर होतं ते आम्ही डोळेवाल्यांनी काढलेलं होतं. मला लाज वाटली रे. तू समोर उभा होतास, नवा शर्ट, काखेत पुस्तक. मी वरचं बघायचं सोडून खालचं सांगितलं."

मी म्हटलं, "आणि बाकीच्या अकरा जणांना?"

"एकदा सांगून बसले होते. मग तुझ्यासाठी एक आणि त्यांच्यासाठी एक असं कसं सांगणार? तुम्ही आपापसात बोलता."

मी विचारलं, "आणखी काय काय बदललंत?"

बाई गप्प झाल्या. आमच्यासारख्यांना गप्प बसणं फार मोठ्याने ऐकू येतं. मग म्हणाल्या, "काही नाही. छापलंय ते वाचलं, लिहिलंय ते वाचलं." आणि पुस्तक पुन्हा उघडलं.

त्या गप्प बसण्याने माझा घात केला. मी विश्वास ठेवला नाही.

घंटा वाजली का? वाजू द्या, डॉक्टरसाहेब, आता मला मध्ये थांबता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांचं ते पत्र काढलं. हल्ली फोन छापील मजकूर वाचून दाखवतो, पण बाबांचं अक्षर त्याच्यापुढे धरलं की तो वेड्यासारखं काहीतरी बरळतो. माणूसच हवा होता. माझ्या मनाला न जपणारं माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं, ती चित्रकार मुलगी. तिला बोलावलं, पत्र हातात दिलं आणि म्हटलं, जसं आहे तसं वाच.

तिने वाचलं. "लग्नाला येऊ नकोस. मुलीकडची माणसं विचारतील." शब्दाला शब्द तेच. अगदी तेच. सत्तावीस वर्षं मला पाठ होतं, मी ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत होतो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, त्या कडू पत्राने कोणाला कधी एवढं बरं वाटलं नसेल. बाई खऱ्या निघाल्या होत्या.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "सर, 'सवडीने ये'च्या खाली एक ओळ खोडलेली आहे. वाचू?"

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "खोडलेलं वाचायचं नाही."

समोर बसलेल्या वाचकांना हे वाक्य ओळखीचं आहे. आपल्या सहाही खोल्यांत वाचकांसाठीचे नियम लावले आहेत, त्यातला हा चौथा. पाहुण्यांना तो कुठून आला ते माहीत नसेल. तो मी केला. पहिल्याच महिन्यात मी वर्गमित्राच्या वह्या आणायचो, त्यात खाडाखोड फार. बाई प्रामाणिकपणे सांगायच्या, "इथे खोडलंय, खाली असं असं दिसतंय." परीक्षा डोक्यावर आलेली. मी एकदा वैतागून टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, "बाई, खोडलेलं वाचायचं नाही. लिहिणाऱ्यालाच जे नको आहे ते मला कशाला?" बाईंना ते पटलं. त्यांनी सगळ्या वाचकांना सांगितलं, पुढे त्याचा छापील नियम झाला, आणि कार्यवाह म्हणून त्याच्याखाली माझी सही आहे.

मी मुलीला म्हटलं, "थांब. वाच."

ती म्हणाली, "एकच रेघ मारली आहे, खालचं सगळं दिसतंय. लिहिलंय, 'तरी यावंसं वाटलंच तर कळव, मी स्टेशनवर घ्यायला येतो.'"

मला आणखी काही सांगता येईल असं वाटत नाही. मी गेलो असतो, एवढंच. ती ओळ कळली असती तर मी त्याच आठवड्यात गेलो असतो, आणि बाबा स्टेशनवर आले असते.

गेले वीस दिवस मी विचार करतोय की मला राग कोणाचा आलाय. ज्यांनी लिहून खोडलं त्यांचा? ते आता नाहीत. बाईंचा? जिथे स्वतःच्या मनाने वागल्या तिथे त्यांनी खोटं सांगितलं, आणि त्या खोट्यावर मी उभा राहिलो. जिथे माझ्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत, तिथे माझं घर माझ्यापासून सहा वर्षं लांब राहिलं. मग मी काय म्हणू? बाईंनी आणखी थोडं खोटं वागायला हवं होतं? की आणखी थोडं खरं? इतिहासाच्या परीक्षेत असा प्रश्न आला तर मी तो विद्यार्थ्यांना वगळायला सांगेन. बाई, त्या दिवशी तुम्ही गप्प बसलात तेव्हा तुम्हाला ही ओळ आठवली होती का? उत्तर आत्ता देऊ नका, समोर लोक आहेत.

नव्या बोधचिन्हाबद्दल सांगायचं राहिलंच. मघाशी पडदा सरकला तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि मग कुजबुजलात, तेव्हा तुमच्यातही एकमत नाही हे समजलं. सुतळीवर मला जे कळलं ते सांगतो. समोरासमोर दोन खुर्च्या आहेत. खजिनदारांना त्या बुद्धिबळातल्या सोंगट्या वाटतात. त्यांनी बैठकीत विचारलंही, "खुर्च्या रिकाम्या का? माणसं कुठे गेली?" मुलगी म्हणाली, "वाचून झालं, कामाला गेली." मी तिथेच माझं मत देऊन टाकलं. बरोबर दिलं की चूक, आज मला कशाचीच खात्री नाही.

आता आभार. डॉक्टरसाहेब, घंटा दोनदा वाजवून तिसऱ्यांदा न वाजवल्याबद्दल आपले आभार. खजिनदार, नऊ वर्षं टोमणा सहन केल्याबद्दल आपले आभार. चित्रकार मुलीचे आभार मानावेत की नाही ते मला ठरवता येत नाही, तरी मानतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे.

भाषणाच्या शेवटी बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला असं म्हणायची पद्धत आहे. माझी चूक तशी मोघम नाही. बाई, मी तुमचं वाचन दुसऱ्याकडून तपासून घेतलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही तुम्हाला न सांगता. ते मी या सगळ्यांसमोर कबूल करतो आणि तुमची माफी मागतो.

बाकीची चौदा पत्रं या पिशवीत आहेत. ती मी त्या मुलीला दाखवली नाहीत, दादालाही दाखवली नाहीत. चौथा नियम आज सकाळी मी माझ्या सहीने रद्द केला आहे, कार्यकारिणीची मंजुरी नंतर घेईन. उद्यापासून तुम्हाला वेळच वेळ आहे, बाई. सवड झाली की एकदा दोन नंबरच्या खोलीत या, आणि ही पत्रं मला पहिल्यापासून वाचून दाखवा. या वेळी खोडलेलंही वाचा.